धर्मवाणी, तिची वाहने आणि श्रोता



वैशाखातल्या वर्ध्याचे ऊन ज्याने एकदा अंगावर घेतले आहे, त्याला येथे सायंकाळी व्याख्यानास येऊन बसणाऱ्या श्रोत्याची योग्यता निराळी सांगावी लागत नाही. दिवसभर तापलेली जमीन अजून निवालेली नाही. घरी पंख्याखाली बसून, हातातल्या मोबाइलवर जगातील कोणत्याही वक्त्याचे भाषण ऐकण्याची सोय आज बहुतेकांना आहे. ती सोय बाजूला ठेवून आपण येथे आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आपण का आलात, हा प्रश्नही आमच्या आजच्या विषयाच्या पोटातलाच आहे.

विषय असा आहे: धर्म आणि प्रसारमाध्यमे यांचा संबंध, आणि त्याचा अभ्यास कसा करावा. विषय विद्यापीठी वाटेल; पण आम्हांस तो सुचला तो एका अगदी घरगुती प्रसंगावरून. काही महिन्यांपूर्वी एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांस व्हॉट्सअ‍ॅपवर विनोबांचे म्हणून एक वचन पाठविले. वर विनोबांचे चित्र, खाली त्यांचे नाव, मध्ये चार ओळी. मजकूर एका धर्माच्या लोकांविषयी कडवट होता. विनोबा असे बोलतील हे आमच्या मनाला पटेना. आमच्यापाशी त्यांची जी पुस्तके आहेत ती चाळली. वचन सापडले नाही. स्नेह्यांना विचारले, "आपणांस हे कोठून मिळाले?" ते म्हणाले, "मेहुण्यांनी पाठविले." मेहुण्यांना एका भजनी मंडळाच्या गटातून आले होते. त्या गटात ते कोणी टाकले, हे मंडळातील कोणालाच आठवेना. चौथ्या पायरीवर माग संपला. वचन मात्र शेकडो घरी पोहोचले होते, आणि सकाळच्या देवपूजेनंतर भक्तिभावाने वाचले गेले होते.

आमचे स्नेही खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत. त्यांनी चांगल्या हेतूने पाठविले. मग दोष कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जे थोडेबहुत वाचले आणि विचारात घेतले, ते आपणांसमोर ठेवतो.

पहिली गोष्ट ही की धर्म माध्यमाशिवाय कधीच नव्हता. आपल्याकडे पुष्कळांची अशी समजूत असते की धर्म ही काहीतरी शुद्ध, अंतरीची वस्तू. आणि छापखाना, रेडिओ, दूरदर्शन, मोबाइल ही तिला बाहेरून चिकटलेली यंत्रे. इतिहास तसे सांगत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाश्यास सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा मानते. म्हणजे आरंभीच तेथे एक बोलणारा, एक लिहिणारा आणि भोवती बसलेले श्रोते आहेत. पुढे तीनशे वर्षे नकला होत गेल्या. नकलांत चुका शिरल्या, कोणी आपल्या ओव्याही घातल्या. तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी स्पष्ट ताकीद शेवटी लिहून ठेवली. आजच्या भाषेत बोलायचे तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खोट्या वचनांचा प्रश्न नाथांपुढे साडेचारशे वर्षांपूर्वी उभा होता. त्यांनी पोथी टाकून दिली नाही. पाठ ताडून पाहिला आणि आपल्या कामाखाली आपले नाव व शक घातला. ही दुसरी गोष्ट विसरण्यासारखी नाही.

पुढे छापखाना आला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी धार्मिक पुस्तके छापण्यास आरंभ केला, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातील मंडळी छापील पोथीस शिवेनात. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरून ती अडचण दूर केली, असे सांगतात. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली. शाईतल्या तुपाची गोष्ट ऐकून आज हसू येते, पण अभ्यासकाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. समाज नवे यंत्र जसेच्या तसे घेत नाही. आपल्या रीतिभातींशी घासाघीस करून घेतो, असे ती सांगते. हायडी कॅम्पबेल या विदुषींनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान समाजांची उदाहरणे देऊन हेच प्रतिपादन केले. एखादा धर्मसमाज नव्या यंत्राविषयी काय ठरवितो हे जाणावयाचे तर त्याचा पूर्वेतिहास, त्याची मूल्ये, यंत्राशी त्याने केलेली तडजोड आणि त्या तडजोडीचे तो करीत असलेले समर्थन, या चारही गोष्टी पाहिल्या पाहिजेत, असे त्या म्हणतात.

या विद्येची इतर नावेही थोडक्यात सांगतो. वॉल्टर ऑंग हे जेसुइट पंथाचे धर्मगुरू. बोलीची संस्कृती आणि लेखनाची संस्कृती यांत माणसाची विचार करण्याची रीतच कशी पालटते, हे त्यांनी १९८२ च्या ग्रंथात मांडले. आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ख्रिश्चन नोवेट्स्के या अमेरिकन पंडितांनी नामदेवांच्या स्मृतीवर २००८ साली ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी कीर्तनकारांच्या बाडांकडे लक्ष वेधले आहे. बाड म्हणजे कीर्तनाला उभे राहणाऱ्याची हाताशी असलेली टिपणवही. ती एकट्याने वाचण्यासाठी नव्हे. चार लोकांसमोर उभे राहून बोलण्यासाठी. लिहिणे होते, पण ते बोलण्याच्या सेवेत होते. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'रामायण' मालिकेचा देशाच्या राजकारणावर काय परिणाम झाला, याचा विचार अरविंद राजगोपाल यांनी २००१ च्या ग्रंथात केला. आणि गोरखपूरच्या गीता प्रेसचा इतिहास अक्षय मुकुल यांनी २०१५ साली लिहिला. अशी ही विद्या आता बरीच वाढली आहे. परंतु परदेशी ग्रंथांची यादी पाठ करणे म्हणजे अभ्यास नव्हे. अभ्यासाचे साहित्य आपल्या दाराशी पडले असता आपण ते दुसऱ्याच्या चष्म्यातून का पाहावे? म्हणून आता वर्ध्याकडेच वळू.

विनोबांच्या मातोश्रींना संस्कृत गीता समजत नसे. त्यांनी मुलाला मराठीतून गीता मागितली. माता १९१८ साली गेल्या. ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी येथे वर्ध्यास गीताई लिहावयास घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पुरी केली. ती छापण्यापूर्वी त्यांनी काय केले? आश्रमातील एका लहान मुलीला ती शिकविली. आणि जेथे जेथे ती मुलगी अडली तेथे तेथे शब्द बदलून सोपे केले. आजचा कोणताही प्रकाशक पुस्तक काढण्यापूर्वी विद्वानांचे अभिप्राय मागवितो. विनोबांनी अडलेल्या मुलीचा अभिप्राय घेतला. म्हणजे गीताईचा आरंभ एका श्रोत्रीच्या मागणीतून आणि तिची शुद्धी दुसऱ्या श्रोत्रीच्या अडण्यातून झाली. पुढे १९३२ साली ती प्रसिद्ध झाली. गोपुरीच्या गीताई मंदिरात तिचे अठराही अध्याय उभ्या शिळांवर कोरले आहेत; १९८० पासून ते मंदिर खुले आहे. त्याला छप्पर नाही, आत मूर्ती नाही. वाचणाऱ्याला पायांनी चालत वाचावे लागते. आज तीच गीताई मोबाइलवरही ऐकता येते. तोंड, कागद, दगड आणि विद्युत, अशी चारही वाहने एका शंभर वर्षांच्या आत एकाच ग्रंथाला मिळाली. धर्म आणि माध्यमे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगला पहिला धडा आम्हांस तरी दुसरीकडे दिसत नाही.

दुसरा धडा सेवाग्रामचा. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात राहावयास आले. त्याच शेगावचे नाव पुढे सेवाग्राम झाले. आश्रमात त्यांच्या वेळचा दूरध्वनी अजून पाहावयास मिळतो. यंत्राचे वावडे तेथे नव्हते. पण धर्मवाणीचे स्थान मात्र प्रार्थनाभूमी हे होते: वर आकाश, खाली माती, आणि निरनिराळ्या धर्मांची वचने एकाच बैठकीत. या प्रार्थनेची खरी परीक्षा दिल्लीत झाली. १९४७ च्या एप्रिलमध्ये भंगी कॉलनीतील प्रार्थनेत कुराणातील आयत म्हणण्यास कोणी आक्षेप घेतला. गांधीजींनी आक्षेप घेणाऱ्याला दडपून प्रार्थना पुढे रेटली नाही, आणि आयत गाळून सोयीची प्रार्थनाही केली नाही. त्यांनी प्रार्थनाच थांबविली, आणि थांबविण्याचे कारण लोकांना समजावून सांगितले. पुढे प्रार्थनेपूर्वी ते विचारीत, की कोणाचा आक्षेप आहे काय?

या प्रसंगाकडे आपण नेहमी सर्वधर्मसमभावाचे उदाहरण म्हणून पाहतो. ते बरोबरच आहे. पण माध्यमाच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्या सभेत बोलणारा समोर होता, आक्षेप घेणाराही समोर होता, आणि दोघांनाही आपल्या शब्दांची जबाबदारी घ्यावी लागत होती. ते माध्यमच असे होते की श्रोत्याला उठून उभे राहता येई. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला कुरुक्षेत्राच्या निर्वासितांकडे जाता आले नाही म्हणून गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रावर जाऊन बोलले. आकाशवाणीचे सामर्थ्य त्यांनी मानले. पण ते वाहन त्यांनी स्वतः जाणे अशक्य झाले तेव्हा घेतले.

तिसरा धडा खंजिरीचा. तुकडोजी महाराज शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. पण आपल्या जिल्ह्यातील गावे त्यांच्या भजनांनी भरून गेली होती. आष्टी आणि चिमूर येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी जो उठाव झाला, त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. खंजिरीवर भजन म्हणणारा माणूस सरकारला वर्तमानपत्राइतका धोक्याचा वाटला. भजन जप्त करता येत नाही. ते ऐकणाऱ्याच्या तोंडात बसते. पण त्या भजनाला एक धनी होता. भजनासाठी तुरुंगात जावे लागले तेव्हा म्हणणाराच गेला, तो आपले नाव पुसून पळाला नाही.

आता या तीन धड्यांच्या उलट बाजूस जे घडले ते सांगितले पाहिजे. त्यासाठी आपणांस धुळ्यास न्यावे लागेल. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे, विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. श्रोते कैदी होते. साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ भारताच्या अनेक भाषांत जाऊ शकला. कोण बोलले, कोणी लिहिले, कोठे आणि कोणत्या दिवशी, हे सर्व आपणांस ठाऊक आहे.

त्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी, १ जुलै २०१८ रोजी पाच माणसे जमावाने ठार मारली. तोही रविवारच होता, आठवड्याच्या बाजाराचा. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. भिक्षेसाठी गावोगाव हिंडणे ही त्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात मोबाइलवरून फिरत होती. त्या अफवेने पाच बळी घेतले. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांचाही अशाच अफवेच्या वातावरणात जमावाने जीव घेतला; आणि ते मारले गेल्यावर त्या घटनेला हिंदू-मुसलमान वैराचा रंग देणारी दुसरी अफवा लगोलग निघाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यास आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले, आणि त्यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रांतून व वाहिन्यांवरून झालेल्या प्रचारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले.

राईनपाड्याच्या घटनेचा आम्ही पुष्कळ विचार केला. दारात आलेला गोसावी हेही एक माध्यमच होते. त्याचा वेष, त्याची हाक, त्याचा ठरावीक हंगाम ही एक भाषा होती, आणि ती भाषा गावाला वाचता येत होती. आजीने नातवाला सांगितले असते, "अरे, हे दरवर्षी येतात." मोबाइलने ही भाषा पुसली असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. तिचे वाचन आधीच थांबत आले होते, आणि त्या रिकाम्या जागेत अफवा येऊन बसली. समोर उभा असलेला माणूस "आम्ही भिक्षेकरी आहो" असे सांगत असता, न दिसणाऱ्या माणसाचा संदेश अधिक खरा मानला गेला. धर्मवाणीच्या इतिहासात सहसा न घडलेली गोष्ट आम्हांस येथे दिसते: बोलणारा अदृश्य आणि ऐकणारा शस्त्रधारी.

यावर कोणी म्हणेल, की वक्ते जुन्या काळाचे गोडवे गाताहेत. तसे समजू नये. जुन्या सभेत उठून प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना कोठे होता? पोथी ज्या घरात होती त्या घरात सर्वांना प्रवेश नव्हता. याच वर्ध्यात जमनालालजी बजाज यांनी १९२८ साली लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले, ही घटना म्हणून मोठी ठरली. अर्थात तोपर्यंत ते बंद होते. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर भीमगीते गावोगाव पोहोचली ती शाहिरांच्या तोंडून, मग ध्वनिफितींवरून आणि आता मोबाइलवरून. ज्यांना छापखान्याचे आणि आकाशवाणीचे दार सहजी उघडले नाही, त्यांना या नव्या वाहनाने आवाज दिला. पायांनी पंढरीस जाऊ न शकणारी वृद्धा आषाढीची पूजा घरी पाहते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येते. ते पाणी खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही प्राध्यापकाला नाही. म्हणून यंत्राला शिव्या देणे हा अभ्यास नव्हे, आणि यंत्राची आरती ओवाळणे हाही नव्हे.

मग अभ्यास म्हणजे काय? आमच्या मते प्रत्येक माध्यमाला तीन साधे प्रश्न विचारावेत. हे वचन कोणी उच्चारले? ते येथवर कोणी आणले, आणि त्यात त्याचा काय लाभ आहे? आणि ऐकणाऱ्याला शंका आली तर उत्तर देण्यास कोण बांधलेला आहे?

यांपैकी दुसरा प्रश्न आज सर्वांत कठीण आहे. 'कल्याण' मासिक निघाले तेव्हा गांधीजींनी त्याच्या चालकांना जाहिराती न घेण्याचा सल्ला दिला होता, आणि तो पाळला गेला. धर्माचे पान आणि दुकानाची पाटी शेजारी नसावी, असा त्यातील भाव. पुढे त्याच संस्थेने कोणती सामाजिक आणि राजकीय मते प्रसृत केली, हा वेगळा आणि वादाचा विषय आहे. जाहिरात नसली म्हणजे सर्व दोष गेले असे नव्हे. परंतु आज मोबाइलवर भजन ऐकताना आपल्यापुढे पुढचे काय यावे, हे ठरविणारी जी गणिती रचना आहे, तिचा धनी जाहिरातीवर जगतो. आपण जितका वेळ पडद्याला चिकटून राहू तितका त्याचा लाभ. शांत करणाऱ्या वचनाने माणूस मोबाइल खाली ठेवतो. चिडविणाऱ्या वचनाने तो हातात धरून बसतो. तेव्हा पुढे काय येण्याचा संभव अधिक, हे सांगावयास नको. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही, अशी मर्यादा घातली. म्हणजे यंत्राची रचना ही काही दैवी आज्ञा नाही. माणसाने केलेली आहे, आणि माणसाला ती बदलता येते.

तिसऱ्या प्रश्नाविषयी विनोबांचेच उदाहरण देतो. त्यांनी कुराण वाचावयाचे ठरविले तेव्हा त्याविषयी इतरांनी लिहिलेले वाचून ते थांबले नाहीत. अरबी शिकले, मूळ ग्रंथ वर्षानुवर्षे वाचला, आणि मग 'कुराणसार' काढले. जैन धर्माचे 'समणसुत्तं' १९७४ मध्ये सिद्ध झाले ते निरनिराळ्या जैन पंथांच्या मुनींना आणि विद्वानांना एकत्र बसवून, त्यांची संमती घेऊन. ज्यांच्या धर्माविषयी बोलावयाचे त्यांच्यासमोर ते बोलता आले पाहिजे, ही ती कसोटी. आमच्या स्नेह्यांना आलेल्या त्या चार ओळी या कसोटीस लावून पाहा. त्या ज्यांच्याविषयी होत्या, त्यांच्यापैकी एकही त्या गटात नव्हता.

वर्ध्यात १९९७ पासून महात्मा गांधींच्या नावाचे आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तेथे जनसंचाराचे शिक्षण दिले जाते. पवनारला १९५९ पासून ब्रह्मविद्या मंदिर आहे, सेवाग्रामला आश्रम आहे, गावोगाव भजनी मंडळे आहेत. या सर्वांत फिरून, कोणते वचन कोठून निघाले आणि वाटेत कसे पालटले याची नोंद तरुण विद्यार्थ्यांनी केली, तर ती मोठी विद्या होईल. त्यासाठी परदेशी शिष्यवृत्ती लागत नाही. एक वही, थोडी चिकाटी आणि लोकांचा विश्वास लागतो. आणि जे विद्यार्थी नाहीत, त्यांनी नाथांचे एवढेच घ्यावे: जे पुढे द्यावयाचे ते ताडून पाहावे, आणि त्याखाली आपले नाव घालण्याची तयारी नसेल तर ते देऊ नये.

आमच्या स्नेह्यांचे काय झाले ते सांगून आटोपतो. त्यांनी आपल्या गटात लिहिले, "हे वचन विनोबांचे असल्याचा आधार मला मिळाला नाही, मी न पाहता पाठविले, ही माझी चूक." दोघांनी आभार मानले, एकाने त्यांना दूषणे दिली, बाकीचे गप्प राहिले. शेकडो घरांत गेलेले वचन काही परत आले नाही. तरीही त्यांनी ते लिहिले, यात आम्हांस धर्माचा अंश दिसतो.

 व्याख्यान संपले, आमचे काम मात्र संपलेले नाही. आम्ही जे बोललो त्यात कोणाला आक्षेप असेल, तर अध्यक्षांच्या अनुज्ञेने त्यांनी आता उभे राहावे. आम्ही समोरच बसलो आहोत.